हवेतला डीएनए आणि संशयाची सुई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हातमोजे घालून आलेला, ठसे पुसून गेलेला चोरही खोलीच्या हवेत आपले कण सोडून जातो. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी कार्यालये व घरांतल्या एसीवरून आणि थेट हवेतून माणसांचा डीएनए मिळवल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासाला याची मदत होईल, यात शंका नाही. मला काळजी वाटते ती या पुराव्याचा अर्थ कोण आणि कसा लावणार याची.

एसीची जाळी काढून पाहा. तिच्यावरच्या करड्या थरात घरच्यांचे, पाहुण्यांचे आणि घरकामाच्या मावशींचेही कण अडकलेले असतात. मावशी रोज येतात, म्हणजे त्यांचा डीएनए तिथे सापडणारच. आणि दागिने गेले की पोलीस चौकीत पहिल्यांदा बोलावणे जाते तेही त्यांनाच! त्या जुन्या संशयावर 'शास्त्रीय पुराव्या'चा शिक्का बसला, तर त्या बाईने तो कुणाच्या बळावर खोडून काढायचा?

कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका खुनातील मृताच्या नखांखाली एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. तो काही महिने तुरुंगात राहिला. प्रत्यक्षात खुनाच्या रात्री तो दारूच्या नशेत रुग्णालयात होता. ज्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी त्याला हाताळले, तेच काही तासांनी खुनाच्या ठिकाणी गेले होते. स्पर्शातून डीएनए असा फिरतो, मग हवेतल्या कणांचे काय सांगावे?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. नोकराने केलेली चोरीही यात मोडते. मात्र डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. म्हणजे नमुने गोळा होत राहणार आणि नियम तेवढे अपुरे!

हे विधेयक सुधारून पुन्हा आणावे. तोवर प्रयोगशाळेच्या प्रत्येक अहवालात ठळकपणे लिहिलेले असावे, की हवेतला वा एसीतला डीएनए फार तर त्या व्यक्तीचा वावर सुचवतो. ती कधी आली आणि तिने काय केले, हे तो सांगत नाही. केवळ अशा नमुन्यावर कुणालाही अटक होऊ नये.

— एक वाचक, नाशिक