गार करून पुढं काय

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "एवढा वायू गार करून पुढं काय करता?" असं तुम्ही विचारलंत आणि फोन कटला. म्हणून लिहितेय.

गार करणं ही नुसती तयारी. रुबिडियम या धातूचे अणू लेसर आणि चुंबकीय सापळा वापरून थंड करत नेतो. उणे 273.15 अंश हा तळ. त्याच्या वर अंशाचा एक कोट्यंश उरेपर्यंत. सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 च्या गणितावरून आइनस्टाईननी भाकीत केलेलं पदार्थाचं रूप 1995 साली अमेरिकेत बोल्डरला असंच हाती आलं. माझ्या कामाचं म्हणाल तर या थंडीत वेग पडतो, ते महत्त्वाचं. आपल्या घरातल्या हवेचे रेणू सेकंदाला काहीशे मीटर पळतात, हे अणू काही मिलिमीटर. त्यामुळं वायूला मुद्दाम धक्का द्यायचा आणि तो परत कसा स्थिरावतो, ते कॅमेऱ्यानं टिपत जायचं.

आणि कधीकधी तो स्थिरावतच नाही! 2006 साली पेनसिल्व्हेनियात डेव्हिड वाइस आणि सहकाऱ्यांनी हे अणू प्रकाशाच्या इतक्या अरुंद नळ्यांत कोंडले, की फक्त पुढं-मागं सरकता यावं. अर्धे इकडं, अर्धे तिकडं ढकलले. हजारो टकरा झाल्या, तरी वेगांची सरमिसळ झालीच नाही. आई, तू कॅरमवर बघितलंयस, सोंगटी सोंगटीवर नेमकी समोरून बसली की पहिली थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. एका रेषेत नुसती अदलाबदल. बोर्डभर मोकळीक असली, की वेग सगळ्यांत वाटला जातो. अणूंचं गणित याहून अवघड आहे, पण गाभा हाच.

मला झपाटून टाकलंय ते पुढच्या प्रश्नानं. अणूंच्या जगाचे, म्हणजे क्वांटमचे, मूळ नियम काहीच विसरू देत नाहीत. मग एरवी प्रत्येक वायू आपला धक्का विसरतो कसा? नळ्या जरा सैल केल्या, अणूंना बाजूनं वाट मिळाली, की विसरणं सुरू होतं. किती सैल केल्यावर, किती वेळात, हे मी मोजतेय. रात्री जागून मोजावंसं वाटतं, बाबा.

सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 40 फुटांकडं निघालं तर गावभागात थांबू नका. आईच्या गोळ्या आणि कागदपत्रं घेऊन सरळ विश्रामबागला मावशीकडं जा. सामानाचं नंतर बघू.

तुमची,
राणी