सूचना : पावसाआधी लिथॉप्स आणि हॉवर्थिया आडोशाला घ्या

सर्व सभासदांना नमस्कार,

जूनची पहिली सर येण्याआधी ग्रिलमधल्या आणि गच्चीवरच्या लिथॉप्सच्या कुंड्या आत घ्याव्यात. ही खड्यांसारखी दिसणारी, पानांत पाणी साठवणारी झाडं मूळची दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या कोरड्या माळांवरची. आपल्याकडची हवेतली ओलही त्यांना जड जाते. गेल्या वर्षी मी एक कुंडी दोन दिवस बाहेर विसरले. वरून ठणठणीत दिसत होती, बोट लावलं तर पिकल्या चिकूसारखी मऊ. अजून हळहळ वाटते.

जुनी पानं फाटून मधून नवी जोडी डोकावत असेल तर पाणी अजिबात नको. ती जोडी जुन्या पानांतलंच पाणी शोषून वाढते. जुनी पानं कागदासारखी सुकेपर्यंत थांबा.

हॉवर्थिया कूपेरी ही गुबगुबीत पानांची छोटी जात थोड्या सावलीत, वारं खेळेल अशा जागी ठेवा. आणि सकाळच्या तिरप्या उजेडात तिच्या पानांची पारदर्शक टोकं भिंगातून एकदा पाहाच! त्या इवल्या खिडक्यांतून उजेड पानाच्या पोटात उतरतो.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रोपाचा रस शोषणारी कीड. ती कुंडी लगेच वेगळी करा, रोपांच्या अदलाबदलीला आणू नका.