तणनाशकाची रक्तचाचणी जिल्ह्यातच व्हावी

महोदय,

तणनाशकाने विषबाधा झालेल्या रुग्णाच्या शरीरात नेमके कोणते रसायन गेले, हे ग्रामीण भागात बहुधा नातेवाइकांनी आणलेली बाटली पाहूनच ठरते. पॅराक्वाट या अतिविषारी तणनाशकाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. त्यावर उतारा नाही, आणि रक्तातील त्याचे प्रमाण व विष पोटात गेल्यापासून उलटलेले तास यांची सांगड घातली तरच रुग्णाच्या स्थितीचा अंदाज बांधता येतो. लघवीच्या नमुन्यात अल्कली व सोडियम डायथायोनाइट मिसळताच, त्यात पॅराक्वाट असल्यास निळा रंग दाखवणारी चाचणी स्वस्त असून काही मिनिटांत होते. मग ती प्रत्येक तालुक्यात का नसावी? रक्तातील नेमके प्रमाण मोजण्यासाठी मात्र द्रव क्रोमॅटोग्राफीसारखी (मिश्रणातील घटक वेगळे करणारी) यंत्रणा लागते, आणि तिला अनेकदा मास स्पेक्ट्रोमेट्रीची (वस्तुमानावरून रेणू ओळखण्याची) जोड दिली जाते. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले (तेथे प्रश्न मुख्यतः कीटकनाशकांचा होता), तेव्हाही तपासणीच्या सोयींची उणीव जाणवली होती. आरोग्य विभागाने विदर्भातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही तपासणी अहोरात्र उपलब्ध करावी, आणि पॅराक्वाट काचेला चिकटत असल्यामुळे रक्ताचे नमुने प्लास्टिकच्या नळीतच घेण्याची लेखी सूचना सर्व रुग्णालयांना द्यावी.

– एक वाचक, यवतमाळ