विषय: न विचारता घेतलेला चेहऱ्याचा फोटो, आणि त्यानंतरची तुमची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक, विमान कंपनीचा ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवलाय. राग आहे तोवर लिहिते.

दिल्लीहून पुण्याला येताना विमानतळाच्या दारातच तुमच्या गणवेशातल्या मुलाने बोर्डिंग पास मागून घेतला, टॅब तोंडासमोर धरला, म्हणाला, "मॅडम, इकडे बघा." बघितलं, आणि झाली डिजियात्रेत, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणाऱ्या यंत्रणेत, नोंद. कशाला, विचारलं तर "सुरक्षेसाठी, सरकारचा नियम आहे."

कुठला नियम? 1 डिसेंबर 2022 ला दिल्लीत डिजियात्रा सुरू झाली तेव्हापासून ती ऐच्छिक आहे. सुरक्षेसाठी सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, ते आम्ही मुकाट्याने दाखवतो. विमानात कोण बसतंय हे सरकारला कळायलाच हवं. पण त्या जवानाच्या आडून तुम्ही तुमची रांग पुढे सरकवायची?

आता फोनचं ऐका. फोटो पुसा म्हटलं, तर तुमची बाई विचारते, "तुमचं वय काय?" वयाचा काय संबंध? "ज्येष्ठ नागरिकांना ॲप जमत नाही ना, म्हणून आमची मुलं मदत करतात." मी बँकेत नोकरी केली आहे, केवायसीच्या फायलींवर सह्या केल्यात. तरी शांतपणे म्हटलं, बरं, फोटो पुसा. तर म्हणे, आधी आधारकार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मेल करा, म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात हे कळेल! अहो, चेहरा तर घेऊन बसलाय की माझा. त्यावरून ओळख पटत नसेल, तर घेतलात कशाला?

वर पुन्हा, "24 तासांत आपोआप पुसलं जातं." ते विमानतळाच्या यंत्रणेचं. त्या पोराच्या टॅबमध्ये काय राहिलं, ते विचारल्यावर होल्डवर टाकलं. गाणं ऐकवलंत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये सांगितलंय. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं असं लिहिलंय. संमती द्यायला मला फक्त टॅबकडे बघावं लागलं होतं, तेही न विचारता.

फोटो पुसल्याचं आणि टॅबमध्ये काही उरलं नसल्याचं लेखी कळवा. फोन नको, तुमची ती बाई तर अजिबात नको. पंधरा दिवसांत पत्र आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर तक्रार जाईल आणि इथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही. वकील घरातलाच आहे. आमच्या ह्यांनी पुढच्या महिन्याची तिकिटं तुमच्याकडेच काढायची ठरवली होती. ती आता दुसरीकडे काढतोय.

एक प्रवासी,
राजारामपुरी, कोल्हापूर