पहिला फ्यूज बॅटरीपासून वीतभरात हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायची हौसही आता चांगली रुजली आहे. हौस उत्तम आहे आणि काम जमण्यासारखे आहे. काळजी एकाच गोष्टीची वाटते. पैसा आणि डोके पलंग, ओटा, रंग आणि वरचा तंबू यांतच संपते. वायरिंग मग शेवटच्या दोन दिवसांत, हाताशी असेल त्या वायरीने उरकले जाते. त्याच पेटीत रात्री मुलेबाळे झोपतात आणि त्यांच्या पायथ्याशी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपियर ओकणारी बॅटरी असते. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी सांगाड्याचे बोलू, कारण वायरिंगची निम्मी दुखणी सांगाड्यातून येतात. सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद पेटीसाठी खालची चौकट ५० बाय ५० बाय ३ मिमीच्या चौकोनी पाइपाची पुरते. त्याचे वजन मीटरला सुमारे सव्वाचार किलो. पुढच्या ए आकाराच्या दांड्याला मात्र १०० बाय ५० बाय ३ चा पाइप उभा धरून लावावा, तो मीटरला साडेसहा किलोच्या आसपास भरतो. सगळे लोखंड ऐंशी किलोच्या आत बसते. भीतीपोटी ५ मिमी जाडीचा पाइप घेतला की वजन वाढते आणि तडा जायचा तिथेच जातो, म्हणजे दांडा चौकटीच्या पहिल्या आडव्या पट्टीखालून जिथे बाहेर येतो तिथे. कारण वेल्डिंगमध्ये आहे. पाइपाच्या वरच्या आणि खालच्या अंगावर आडवे वेल्डिंग मारले की ताण नेमका त्या रेषेवर साठतो. तिथे बाजूच्या अंगांना लांबीच्या दिशेनेच वेल्डिंग मारावे आणि दांडा मागे दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीपर्यंत न्यावा.

पाटे (चाकांवरचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) गाडीचेच वापरायचे असतील तर जिप्सीचे सहज मिळतात. पण ते अख्ख्या गाडीच्या भारासाठी केलेले असतात. हलक्या ट्रेलरखाली ते दबतच नाहीत, मग ट्रेलर खडकाळ रस्त्यावर उड्या मारतो आणि आतला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक लग (वायरीच्या टोकाचा, बोल्टने आवळायचा धातूचा कान) सैल होतो. ट्रेलर पाण्यासकट भरून उभा केल्यावर पाटा बऱ्यापैकी सपाट दिसला पाहिजे. दिसत नसेल तर एखादे पान काढावे. चाके ओढणाऱ्या गाडीचीच घ्यावीत. जिप्सी आणि जिमनी या दोन्हींना पाच बोल्ट आणि १३९.७ मिमीचे वर्तुळ आहे, त्यामुळे तसाच हब (चाक ज्यावर बोल्टने बसते तो मधला भाग) ट्रेलरला लावला की स्टेपनी दोन्हीकडे चालते.

वजनाची मर्यादा आधी ठरवावी आणि मग सामान. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलोपर्यंतच चालतो. ही रेघ आपणही पाळावी, आणि गाडीच्या पुस्तकात ओढण्याचा आकडा त्याहून कमी असेल तर तोच शेवटचा. १२ मिमीच्या आठ बाय चार प्लायचा एक पत्रा २४ किलोच्या घरात जातो, तर ४ मिमी ॲल्युमिनियम कॉम्पोझिटचा तेवढाच पत्रा सुमारे १६ किलो. भिंतींना प्लाय लावून वजन वाढवू नका. भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. ६५० किलोच्या ट्रेलरला हे ६५ किलो होतात आणि ते घरच्या वजनकाट्यावर मोजता येतात. ट्रेलर सपाट जमिनीवर समतल उभा करून दांड्याच्या टोकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा ठेवायचा, एवढेच. हुकावर वजन कमी पडले की उतारावर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. ६० लिटरची पाण्याची टाकी अगदी ॲक्सलच्या वर बसवावी, म्हणजे टाकी रिकामी झाली तरी हुकावरचे वजन हलत नाही. मागच्या ओट्याखाली बसवलेली टाकी हमखास घात करते.

आता वायरिंग. पहिल्यांदा वही घेऊन रोजचा खर्च मांडावा. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४ अँपियर घेतो. आपल्या उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ४८ अँपियर-तास (एक अँपियर तासभर वापरला की एक अँपियर-तास). पंखा दीड अँपियरने आठ तास, १२. पाच वॅटचे तीन दिवे पाच तास, ६. पाण्याचा पंप दिवसभरात पाव तास, सव्वा. मोबाइल आणि कॅमेरे, १०. बेरीज ७७ च्या आसपास येते. १०० अँपियर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी एवढे एक दिवस सहज देते आणि वर थोडी शिल्लक ठेवते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून तीच सोय शिशात हवी असेल तर दीडशेहूनही मोठी बॅटरी आणि तिप्पट-चौपट वजन उचलावे लागते. छपरावरचा २०० वॅटचा पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला ५० ते ५५ अँपियर-तास परत आणतो. कोकणातल्या आषाढात त्याचा हिशेब धरूच नये. उरलेली तूट गाडी चालताना भरायची.

ही तूट भरताना होणारी चूक सर्वांत जास्त पाहायला मिळते. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत सरळ वायर ओढून मध्ये एक रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकला जातो. शिशाच्या बॅटरीबरोबर हे बरे चालायचे. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) देईल तेवढा करंट ओढते, आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर अल्टरनेटर पुरता गार होत नसतानाही ओढत राहते. दुसरीकडे, बीएस-६ च्या कित्येक गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, तेव्हा ट्रेलरची बॅटरी पाच तासांच्या प्रवासानंतरही अर्धवटच भरलेली असते. दोन्हींवर इलाज एकच, २० अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून येणारे व्होल्टेज ट्रेलरच्या बॅटरीला हवे तसे करून ठरावीकच करंट देणारा. तो ट्रेलरच्या बॅटरीशेजारी बसवावा, गाडीत नव्हे.

त्याला लागणाऱ्या वायरीत कंजुषी करू नका. हा चार्जर गाडीकडून सुमारे २६ अँपियर घेतो. गाडीच्या बॉनेटपासून ट्रेलरपर्यंत सहा मीटर धरले तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबे होते. ४ स्क्वेअर एमएमच्या (आतल्या तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ) वायरीत वाटेतच सव्वा व्होल्टहून जास्त गळती होते, ६ मध्ये पाऊण व्होल्टहून जास्त आणि १६ मध्ये जेमतेम एक-तृतीयांश. १६ चीच घ्यावी, दोन्ही बाजूंना ५० अँपियरचा अँडरसन प्लग (जाड वायरी जोडता-सोडता येणारा) लावावा आणि गाडीच्या बॅटरीपाशी ४० अँपियरचा फ्यूज. फ्रिजचेही तसेच आहे. रात्री फ्रिज आपोआप बंद पडतो, मीटरवर बॅटरी तेरा व्होल्ट दाखवते, आणि दोष फ्रिजला दिला जातो. खरे तर बारीक वायर आणि सिगारेट लायटरचे सैल सॉकेट यांमुळे कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रिजपाशी व्होल्टेज कोसळते. फ्रिजला ६ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र जोडी द्यावी आणि लायटर सॉकेट काढून स्क्रूने आवळणारा प्लग लावावा.

आणि आता शीर्षकातली गोष्ट. फ्यूज वायरीला वाचवतो, उपकरणाला नाही. बॅटरी आणि पहिला फ्यूज यांमधल्या वायरीला कुणीच राखणदार नसतो. ती पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली तर लाल होईपर्यंत जळत राहते. म्हणून हे अंतर वीतभरापेक्षा जास्त नको, आणि तो तुकडाही जाड नळीतून न्यावा. लिथियमसाठी मोटारीचे साधे पात्याचे फ्यूज मुख्य जागी चालत नाहीत, कारण एवढ्या मोठ्या शॉर्टमध्ये तार वितळली तरी ठिणगीची कमान चालूच राहते. टी-क्लास फ्यूज (मोठा शॉर्टही तोडणारा) घ्यावा किंवा थेट टर्मिनलवर बसणारा एमआरबीएफ प्रकारचा फ्यूज. घरातला एसी एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) इथे लावण्याची पद्धत तर ताबडतोब थांबायला हवी. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही आणि एसीचा एमसीबी उघडूनही आत जळत राहतो. एमसीबी हवाच असेल तर ज्यावर डीसी व्होल्टेज छापलेले आहे तोच घ्या.

हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर शंभर अँपियरच्या आसपास ओढतो. त्याला २५ ते ३५ स्क्वेअर एमएमची, मीटरभरापेक्षा लांब नसलेली वायर आणि १२५ अँपियरचा फ्यूज लागतो. इंडक्शन शेगडीचा मोह टाळावा, दोन हजार वॅटला हाच आकडा १८० च्या पुढे जातो. स्वयंपाक गॅसवरच ठीक. मात्र ५ किलोच्या सिलिंडरचा कप्पा वेगळा, झोपायच्या पेटीच्या बाजूने पूर्ण बंद आणि तळाला उघड्या भोकांचा असावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. त्या कप्प्यात बॅटरी, रिले, स्विच, दिवा यांतले काहीही नको.

जोड देताना वायर पिळून टेप गुंडाळणे किंवा नुसते डाख देणे (सोल्डरिंग) दोन्ही घातक. डाख जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तुटते. हायड्रॉलिक हँडप्रेसने लग दाबावा, वरून आत गोंद असलेली हिट श्रिंक (उष्णतेने आकसणारी) नळी चढवावी. समुद्राकाठी जायचे असेल तर कल्हई केलेल्या तांब्याचीच वायर घ्यावी, साधे तांबे इन्सुलेशनच्या आत काळे पडत जाते. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे), आणि दर वीतभरावर क्लिप. लिथियमचे व्होल्टेज बराच वेळ सपाट राहते, त्यामुळे व्होल्टमीटरवरून किती उरले ते कळत नाही, त्यासाठी शंटचा (बॅटरीत गेलेला-आलेला करंट मोजायच्या पट्टीचा) मीटर लागतो. तो निगेटिव्हमध्ये बसतो. एकही निगेटिव्ह वायर शंटला वळसा घालून थेट बॅटरीला गेली की मीटर खोटे बोलू लागतो.

मागच्या दिव्यांसाठी सात पिनांच्या गोल सॉकेटचा क्रम ठरलेला आहे. १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. पांढरी जाड हवी आणि खरी हवी. अर्थ हुकाच्या गोळ्यातून मिळतोच म्हणून ती गाळली जाते. गोळ्यावर ग्रीस असते, तो हलत असतो. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो, दोन्ही टेल एकत्र लुकलुकतात, अशी लक्षणे दिसली तर दुसरीकडे शोधू नका, अर्थच तपासा. नव्या गाड्यांत मागच्या दिव्याची वायर कापून जोड देऊ नये, गाडीचा कंट्रोल युनिट जादा भार ओळखून चूक दाखवतो. बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणारा ट्रेलर मॉड्यूल वापरावा.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. ट्रेलर हे सामान नव्हे, मोटार वाहन कायद्याच्या नजरेत ते वेगळे वाहन आहे आणि कलम ६१ प्रमाणे त्याचीही नोंदणी लागते. म्हणून पाइप कापण्याआधी रेखाचित्र घेऊन आरटीओत जावे. पेटी पूर्ण झाल्यावर विचारायला गेले की अडचण दोन्हीकडून होते. आरटीओ कार्यालयांनीही घरगुती ट्रेलरसाठी काय काय तपासले जाईल त्याची एक पानी यादी मराठीत दर्शनी भागात लावावी, अशी आमची कळकळीची मागणी आहे. त्या यादीत पहिल्या फ्यूजची जागा जरूर असावी.

पहिल्या प्रवासात शंभर किलोमीटरनंतर थांबून पाटे धरणारे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि बॅटरीचे लग पुन्हा आवळावेत. फ्रिज आणि चार्जर तासभर चालू ठेवून प्रत्येक जोडावर हात ठेवून पाहावा. जो जोड शेजारच्यापेक्षा गरम लागतो तो उघडून नव्याने दाबावा, फ्यूज मोठा घालून प्रश्न मिटत नाही. ओढा ओलांडण्याआधी दहा-पंधरा मिनिटे थांबून हब थोडे निवू द्यावेत. तापलेले हब थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते, ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते आणि पुढच्या महिन्यात बेअरिंग ओरडू लागते. परतल्यावर हब उघडून ग्रीस पाहावे. ते दुधाळ दिसले तर सगळे पुसून नवे भरावे आणि सीलही बदलावे.

आपले,
फॅब्रिकेशन आणि ऑटो-इलेक्ट्रिकचे काम करणारे दोन वाचक,
भोसरी, पुणे