वाळवंटातही माणसं पाण्यात वाहून जातात, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. मंत्री, आपत्ती व्यवस्थापन व मदत,
राजस्थान सरकार, जयपूर

स. न. वि. वि.

मी मूळची सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. लग्न होऊन बाडमेर भागात आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आमचं गलाईचं दुकान आहे. सोन्या-चांदीची आटणी यजमान बघतात, हिशेब मी ठेवते. या पत्राची हिंदी प्रत आपल्याकडे रजिस्टरने पाठवली होती. पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता मराठीत, चारचौघांसमोर लिहिते आहे. गलाईच्या धंद्यापायी उत्तरेत पांगलेली आमच्याकडची कितीतरी घरं आहेत, त्यांनी तरी हे वाचावं.

गेल्या महिन्याच्या 19 तारखेला यजमान सकाळी आठला स्कूटरवरून शेजारच्या गावी गेले. वाटेत लुणी नदीला मिळणारी एक बरसाती नदी लागते. तिच्यावर पूल नाही, रपट आहे, म्हणजे नदीच्या पात्रातून काढलेला सिमेंटचा रस्ता. जाताना तिथं नुसती वाळू होती, शेळ्या बसल्या होत्या. अकराला परत येताना गुडघ्याच्या खाली पाणी वाहत होतं. आभाळ स्वच्छ होतं, ऊन तापलं होतं. पुढची जीप पार झाली म्हणून यांनी स्कूटर घातली. मधोमध पोचले तोवर वरून लोंढा आला.

दीड किलोमीटर खाली एका विलायती बाभळीत ते अडकलेले सापडले. मांडीचं हाड मोडलं होतं. अंगभर काटे रुतले होते, रात्री मी कंदिलाशेजारी बसून चिमट्यानं एकेक काढले, कारण वीज दुपारीच गेली होती. दुसऱ्या दिवशी जोधपूरला नेलं, पायात सळई घातली. एक लाख चाळीस हजार गेले. माणूस परत मिळाला, मी देवाला हात जोडले. पण त्यांच्या मागून रपटेवर उतरलेला एक मेंढपाळ पोरगा तिसऱ्या दिवशी सापडला. त्याची आई आमच्या ओळखीची आहे. तिच्याकडे बघायला मला अजून धीर होत नाही.

आणि हे ठाऊक नसताना घडलेलं नाही, साहेब. दोन वर्षांपूर्वी याच रपटेवरून एक ट्रॅक्टर वाहून गेला होता. तेव्हा गावातल्या चौतीस जणांच्या सह्या घेऊन आम्ही एका सरकारी कचेरीत निवेदन दिलं. मागणी काय होती? दोन्ही काठांना फूट-फुटाच्या खुणा रंगवलेले खांब, एक साखळी आणि वरच्या गावातून पाणी सुटलं की खाली फोन करणारा एक माणूस. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, पुढच्या चौमाशाच्या आत काम होईल. दोन चौमासे गेले. त्या निवेदनाची शिक्क्याची प्रत माझ्या कपाटात आहे, आणि यजमान खाटेवर आहेत.

आपल्याला वाटत असेल, वाळवंटात पाऊस तो किती! बाडमेरला वर्षाला सरासरी पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, हे मलाही माहीत आहे. पण ऑगस्ट 2006 मध्ये याच बाडमेरात तीन दिवसांत साडेपाचशेच्या वर पडला. दोन वर्षांचा पाऊस तीन दिवसांत! कवास गाव बुडालं, मालवा गाव बुडालं. शंभरावर माणसं गेली, गुरांची तर मोजदाद कुणी नीट केलीच नाही. मी तेव्हा इथं होते. कवासच्या रस्त्याला आम्ही भाकऱ्या घेऊन गेलो होतो. जिथं बाजरी उभी असायची तिथं लष्कराच्या होड्या फिरत होत्या. खांबाचं फक्त टोक दिसत होतं, त्यावर एक कावळा बसला होता. पाणी महिनोन् महिने हटलं नाही, कारण तिथल्या वाळूखाली जिप्समचा थर आहे आणि तो पाणी मुरू देत नाही. वाळू सगळं पिते असं समजून माणसं खोलगट जागी घरं बांधून बसली होती. हे त्यांना आधी सांगायचं कुणी? देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 साली झाला होता. त्याला वर्षही होत नाही तोवर कवास पाण्याखाली गेलं.

इथला पाऊस आमच्या सांगलीच्या दुष्काळी भागासारखा भुरभुर नाही. मे-जूनमध्ये थरचं वाळवंट तापतं, हवेचा दाब उतरतो, तोच कमी दाब समुद्राकडून मान्सूनला ओढून घेतो. पण अरवली डोंगर नैऋत्येच्या वाऱ्याला समांतर उभा आहे, तो ढग अडवत नाही, म्हणून एरवी सगळं कोरडं. आणि बंगालच्या उपसागरातून निघालेलं एखादं कमी दाबाचं क्षेत्र इतक्या लांब पश्चिमेपर्यंत जिवंत पोचलं, की मग एका रात्रीत होत्याचं नव्हतं होतं. लुणीचंही तसंच. ती अजमेरकडच्या डोंगरात उगम पावते, पालीकडचं पाणी घेते, बालोतऱ्याच्या पुढं खारी होते आणि कच्छच्या रणात जिरते. पाऊस तिकडं दूर पडतो आणि मरण इथं येतं, आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपका नसताना. 1979 साली लुणीला आलेला पूर म्हातारी माणसं अजून सांगतात. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याचं पाणी बाडमेर, जालोर, सिरोहीत उतरलं. समुद्रातलं वादळ वाळवंटात येतं, हे तरी आता शाळेत शिकवाल की नाही?

उन्हाळ्यात आपले फलक प्रत्येक चौकात लागतात. लू पासून, म्हणजे उन्हाच्या झळांपासून, बचाव करा, पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका. चांगलं आहे, लावलेच पाहिजेत. पण जूनच्या मध्यावर ते फलक उतरतात आणि त्या जागी काहीच लागत नाही. वाहत्या पाण्यात उतरू नका, फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलून नेतं, ओल्या कच्च्या भिंतीला टेकून झोपू नका, मुलांना भरलेल्या नाडीत, म्हणजे गावतळ्यात, पोहायला पाठवू नका, कडाडलं की एकट्या खेजडीच्या झाडाखाली थांबू नका. ही पाच वाक्यं मारवाडीत, रेडिओवर आणि पंचायतीच्या भोंग्यावर आठवडाभर सांगायला किती खर्च येतो? इथली पोरं पोहायला शिकत नाहीत, साहेब. वर्षातले दहा महिने नाडी कोरडी असते, शिकणार कुठे? भादव्यात ती भरली की आनंदानं उड्या घेतात. दर वर्षी एखाद्या ढाणीतून, म्हणजे वस्तीतून, रडण्याचा आवाज येतोच.

ॲप आहे म्हणून सांगू नका. वीज पडण्याची सूचना देणारं दामिनी ॲप आमच्या पुण्याच्या संशोधकांनी बनवलं, त्याचा मला अभिमान आहे. हवामान खातं लाल-नारिंगी इशारे देतं तेही मी बघते. पण इशारा येतो आख्ख्या जिल्ह्याचा. केवढा मोठा आमचा जिल्हा! त्यातली कोणती नदी, कोणती रपट, किती वाजता, हे ढाणीतल्या माणसाला कोण सांगणार? वादळ आलं की वीज जाते, टॉवर बंद पडतो. 19 तारखेचा मेसेज माझ्या मोबाईलवर 20 तारखेला सकाळी आला. तेव्हा मी ॲम्ब्युलन्समध्ये होते.

माझी भाची अमेरिकेत ॲरिझोनात राहते. तेही वाळवंटच. तिथं 15 जून ते 30 सप्टेंबर हा पावसाळा म्हणून ठरवून दिलेला आहे आणि तो सुरू होताना राज्यभर आठवडाभर जागृतीची मोहीम चालते. धुळीची भिंत आली तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन दिवे बंद करा, इथवर शिकवतात. आडवे लावलेले अडथळे ओलांडून जो पाण्यात गाडी घालतो, त्याला सोडवण्याचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करता येईल असा कायदा आहे. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे, मान्य. पण तारखा ठरवायला पैसा लागतो का? आपल्या हवामान खात्यानं 2020 साली मान्सूनच्या तारखा बदलल्या, पश्चिम राजस्थानातून परतीची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर नेली. पावसाचे दिवस वाढले हे तुमच्याच कागदावर आहे! गावात कुणाला विचारा, एकालाही ठाऊक नाही.

ओडिशाकडे बघा. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथं जवळपास दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. वारा काही मऊ झाला नव्हता. माणसांना आधी सांगितलं गेलं, वेळेत हलवलं गेलं. मग तेच आमच्यासाठी का होत नाही? आमची मतं विखुरलेली म्हणून? एका ढाणीत चार घरं, दुसरी ढाणी तीन किलोमीटरवर. या देशात आपत्तीत माणूस मेल्यावरचा दर ठरलेला आहे, चार लाख. त्यासाठी कुठला फॉर्म, कुठला दाखला, सगळं कारकुनाला तोंडपाठ आहे. जगवण्यासाठीच्या खांबाचा मात्र अंदाजपत्रकात रकाना नाही. त्या मेंढपाळाच्या आईला चार लाख मिळतीलही. ती आजही संध्याकाळी शेळ्या मोजते आणि मग दाराकडे बघत बसते.

मी आपल्याकडे नुकसानभरपाई मागत नाही. दुकान गहाण टाकून पैसे भागवलेत, फेडू. आमच्या भागातल्या प्रत्येक रपटेवर खुणांचे खांब, वरच्या-खालच्या गावांची फोनची साखळी आणि जूनमध्ये मारवाडीतून जागृती, एवढंच पुढच्या पावसाच्या आत करा.

आणखी एक. यजमान घरी आल्यावर मी आणि शेजारच्या दोन मुलांनी जुना लोखंडी पाइप आणला, रपटेच्या काठाशी पुरला आणि त्यावर ऑइलपेंटनं पट्टे ओढले. एक फुटावर पिवळा, त्याच्या वर सगळा लाल. परवा एक कर्मचारी येऊन सांगून गेला की सरकारी रस्त्यात खासगी खांब पुरता येत नाही, आठ दिवसांत काढा. आपला खांब बसेल त्या दिवशी आमचा आम्ही स्वतः उपटून नेऊ. तोवर त्याला हात लावू देऊ नका.

आपली,
बाडमेर भागातली एक गलाईवाली