मत्तयाचा दुसरा अध्याय अठराव्या वचनापर्यंत वाच

नगर, १० डिसेंबर

चि. सुहास यास,
प्रभूमध्ये सलाम आणि आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी घाईघाईत सांगितल्यास आणि तुझी मीटिंग सुरू झाली, म्हणून पत्र लिहिते आहे. एक, ऑफिसातला तुझा मित्र विचारतो की देवाला माफच करायचं होतं तर बसल्या जागी करावं, त्यासाठी जन्म कशाला घ्यायचा? दुसरी, नाताळच्या उपासनेत मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन तुझ्याकडे आलंय आणि कमिटीत कुणीतरी सुचवलंय की बाराव्या वचनावर थांबावं, पुढचं, म्हणजे राजा हेरोदाने बेथलेहेमची बाळं मारल्याचं, सणाच्या दिवशी नको. तुला हे दोन वेगळे विषय वाटले. मला ते एकच वाटतात.

मित्राचा प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. १०९८ साली कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी नेमक्या याच प्रश्नावर अख्खा ग्रंथ पुरा केला. त्यांचं उत्तर ऋण आणि त्याची भरपाई अशा अंगाने जातं. मला मात्र त्यांच्याही सातशे वर्षं आधीच्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपाचं उत्तर जवळचं वाटतं. त्याने एका पत्रात लिहिलं की ख्रिस्ताने माणसाचं जे धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. 'बरं झालं नाही' हे मला लगेच समजतं, कारण नर्स म्हणून आयुष्य त्याच कामात गेलं.

देवाचा हेतू काय होता, ते शुभवर्तमानात सरळ लिहिलेलं आहे. बाळ जन्मायच्या आधीच दूत योसेफाला सांगतो, 'तू त्याचे नाव येशू ठेव, कारण तोच आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील.' त्या काळच्या यहुद्यांना याहून वेगळं काही ऐकायची आस होती. देशावर रोमची सत्ता, गादीवर रोमच्या मर्जीतला हेरोद, वर कराचा बोजा. 'रोमी लोकांपासून तारील' म्हटलं असतं तर गावंच्या गावं उठून मागे आली असती. दूत पापांपासून म्हणतो. त्या जुलमाकडे देवाचं लक्ष नव्हतं असं समजू नकोस. येशूच्या आईचं, मरीयेचं गीत वाच, त्यात अधिपती गादीवरून खाली ओढले जातात आणि भुकेले तृप्त होतात. पण जुलूम ज्या मुळातून उगवतो ते मूळ रोमी शिपायात आहे, नासरेथातल्या शेजाऱ्यात आहे, तुझ्यामाझ्यातही आहे. हेरोद मेला तेव्हा यहुदीयात त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करू लागला आणि योसेफाला तिकडे जायची भीती वाटली, हे मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे.

पाप म्हणजे नुसती चुकांची यादी असती, तर तुझ्या मित्राचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. वरूनच काट मारली की संपलं. पण पाप आत भिनलेलं असतं. वॉर्डाच्या दारात उभं राहून आतल्या पेशंटचं ड्रेसिंग करता येत नाही. जवळ जावं लागतं, हात लावावा लागतो, वास येतो, कपड्याला लागतं. देव माणूस झाला तो यासाठी. आपलं हाडामांसाचं, भुकेचं, भीतीचं, मरणाचं जे जे आहे ते त्याने आतून घेतलं.

लूकचा दुसरा अध्याय मला नर्स म्हणूनच वाचता येतो. 'त्याला तिने बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले.' तिने. लूक तिथे सुईणीचा उल्लेख करत नाही, आईचा नाही, मावशीचा नाही. पहिलटकरीण पोर, शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेली, तोही कैसर औगुस्ताच्या नावनोंदणीच्या हुकुमापायी, आणि बाळ झाल्यावर त्याला गुंडाळायला तिचेच हात. आपल्या नाताळच्या टॅब्लोत ती निळी ओढणी घेऊन इतकी ताजीतवानी बसलेली असते की मला दरवर्षी उठून सांगावंसं वाटतं, अगं, तिला जरा टेकू द्या.

नुकतं झालेलं बाळ ओलं असतं. अंगावर पांढरट चिकट थर असतो, हातापायांचे तळवे निळसर असतात, मान लटपटते. त्याला स्वतःची ऊब स्वतःला राखता येत नाही. लगेच पुसून कोरड्या कपड्यात घेतलं नाही तर ते काही मिनिटांत गार पडायला लागतं. म्हणून लेबर रूममध्ये बाळ हातात आलं की आधी पुसणं, मग गुंडाळणं, मग आईच्या छातीशी देणं. हे करताना माझ्या मनात पुष्कळदा लूकचं ते वचन यायचं आणि अंगावर काटा यायचा. इब्री लोकांस पत्र ज्याला विश्वाचा आधार म्हणतं, त्याची मान सावरायला एका मुलीचा हात लागत होता. हे नाटक नव्हतं. तिने गुंडाळलं नसतं तर तो खरोखर गारठला असता, पाजलं नसतं तर खरोखर उपाशी राहिला असता. देवाने स्वतःला माणसांच्या हाती इतकं सोपवलं. आधी मरीयेच्या होकारावर, मग योसेफाच्या भलेपणावर. लग्नाआधीच मरीया गरोदर आहे हे कळूनही, योसेफाला दूताचं स्वप्न पडायच्या आधीच त्याने ठरवलं होतं ना, की तिची बेअब्रू करायची नाही, गुपचूप सोडायचं. मला तो माणूस फार आवडतो.

मेंढपाळांना दिलेली खूणही बघ. आकाशभर तेज फाकलेलं असताना दूत त्या तेजाला खूण म्हणत नाही. बाळंत्याने गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं एक बालक, हीच खूण. रात्रपाळी करणाऱ्या माणसांना ओळखता येईल अशी.

तुझा मित्र कदाचित गीतेतलं 'परित्राणाय साधूनाम्' पुढे ठेवेल. ठेवलं तर नीट ऐकून घे. त्या श्लोकाने किती माणसांना धीर दिलाय ते मी वॉर्डात पाहिलंय, त्याला उणं लेखून बोलू नकोस. आपली साक्ष एवढीच सांग, की साधूंचं रक्षण आणि दुष्टांचा नाश असं तिथे म्हटलंय, तर बेथलेहेमात जन्मलेला दुष्टांसाठीही आला. 'मी नीतिमानांना नव्हे तर पापी जनांना बोलावण्यास आलो आहे,' हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत. आणि त्याला मत्तयाचा पहिला अध्याय दाखव. वंशावळ म्हणून आपण तो भराभर उलटतो. तिथे तामार आहे, यरीहोची राहाब आहे, मवाबी रूथ आहे, आणि 'उरीयाची बायको' आहे. दाविदाने जिच्या नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारवलं, ती. म्हणजे घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या राजाचा सगळ्यात मोठा गुन्हा येशूच्या वंशावळीतच नोंदलाय. असल्या घरात जन्म घ्यायचं देवाने ठरवलं.

आता वाचनाचं. बाराव्या वचनावर थांबलास तर लोक सोनं, ऊद आणि गंधरस एवढंच ऐकून जेवायला घरी जातील. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीन होते असं मत्तय म्हणत नाही, ते त्याच रात्री गोठ्यात आले असंही म्हणत नाही. ते घरात आले आणि त्यांनी बालक पाहिलं, असं आहे. लूकमध्ये चाळीस दिवसांनी शुद्धीकरणासाठी मरीया-योसेफ मंदिरात जातात तेव्हा ते होले किंवा पारव्याची पिल्लं असं अर्पण देतात. कोकरू परवडत नसलेल्या बाळंतिणीसाठी लेवीयाच्या बाराव्या अध्यायात दिलेली सवलत ती. गरिबीतच सगळं चाललेलं. मग मागी आले, आणि त्यांच्या पाठोपाठ हेरोदाचे लोक.

हेरोद कसा माणूस होता ते इतिहासात नोंदलेलं आहे. यरुशलेमचं भव्य मंदिर त्याने नव्याने उभारलं आणि स्वतःचे तीन मुलगे ठार करवले. नवा राजा जन्मलाय या भीतीने अशा माणसाने बेथलेहेम या लहानशा गावातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारायचा हुकूम दिला. ही वचनं सोळा ते अठरा. सणाच्या दिवशी नको म्हणणाऱ्यांचं मन मी समजते, पण ऐकू नकोस.

एक गोष्ट तुला आई म्हणून बजावून सांगते. बेथलेहेमातल्या त्या मुलांचं मरण 'देवाची योजना' होतं, असं कधी कुणाला सांगू नकोस. आमच्याकडे मेलेल्या बाळालाही आम्ही तसंच पुसायचो, तसंच कोरड्या कपड्यात गुंडाळायचो आणि आईच्या हातात द्यायचो. ती बाई त्या बाळाची बोटं उलगडून बघत असायची, आणि तेवढ्यात कुणीतरी नातलग यायचं आणि म्हणायचं, देवाची मर्जी. मी त्यांना बाहेर काढायची. मत्तय असं काही बोलत नाही. तो फक्त यिर्मयाचं वचन देतो, की राहेल, इस्राएलाची आदिमाता, आपल्या मुलांसाठी रडते आहे, आणि ती नाहीत म्हणून सांत्वन पावेना. तिने सांत्वन नाकारलं, आणि पवित्र शास्त्राने तिचा तो नकार तसाच लिहून ठेवला. हुकूम हेरोदाचा होता, पापही हेरोदाचंच. देवाचा हेतू त्या हुकुमात शोधायचा नाही. जिथे असले हुकूम सुटतात तिथेच देव जन्माला आला, त्याच गावात, त्याच वयाचा होऊन. हेतू इथे आहे.

मग येशू वाचला आणि बाकीची मुलं गेली, हे काय, असं तू लहानपणीही विचारायचास. तो मिसरात गेला, परत आला, नासरेथात वाढला, आणि तिशी ओलांडल्यावर त्याच हेरोदाच्या मुलासमोर, हेरोद अंतिपासमोर, बांधून उभा केला गेला. या वेळी त्याला उचलून रातोरात पळायला योसेफ नव्हता, आणि त्याला पळायचंही नव्हतं. बेथलेहेमात टळलेलं मरण त्याने यरुशलेमात स्वतः पत्करलं. गव्हाण आणि वधस्तंभ वेगळे काढले तर नाताळ नुसता बाळाचा वाढदिवस उरतो.

आणि यिर्मयाचा एकतिसावा अध्याय घरी सबंध वाच. पंधराव्या वचनात राहेल रडते. त्याच्या लगेच पुढे परमेश्वर तिला म्हणतो, रडणं आवर, तुझी मुलं परत येतील. आणि त्याच अध्यायात, एकतिसाव्या वचनापासून, नव्या कराराचं वचन आहे. त्याचा शेवट पापांच्या क्षमेत होतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्याला हातात घेऊन येशू त्याच कराराचं नाव घेतो. मत्तयाला हा अध्याय पाठ असणार. राहेलचं रडणं त्याने उगाच निवडलं नाही, असं मी मानते. तुझ्या मित्राला माफीबद्दल सांगायचं ते हेच आहे. बसल्या जागी केलेल्या माफीत हेरोद तसाच राहिला असता आणि राहेलकडे कुणी वळून पाहिलं नसतं. आपल्या देवाची माफी तिच्या रडण्याच्या गावातून आली, आणि तिला तिची मुलं परत देण्याचं वचन घेऊन आली. ते वचन पुनरुत्थानावर उभं आहे. मी ज्या बाळांना गुंडाळून दिलं त्यांच्यासाठीही मी ते धरून आहे.

तेव्हा पाळकसाहेबांना भेट आणि अठरापर्यंत वाचायची परवानगी माग. समोर लहान मुलं बसलेली असतील, म्हणून आवाज चढवू नकोस, रंगवून वाचू नकोस. जसं लिहिलंय तसं सरळ वाच. गायकवृंदाला आधीच सांगून ठेव की अठरावं वचन संपताच ढोलकी सुरू करायची नाही, थोडं थांबायचं. पंचवीसला नाहीच म्हणाले, तर अठ्ठावीसला वाचू द्या म्हण. पाश्चात्त्य मंडळ्या त्या दिवशी बेथलेहेमच्या बाळांची आठवण करतात, तेव्हा नवं काही मागतो आहेस असं नाही.

करंज्या आणि शंकरपाळे येत्या आठवड्यात पाठवते. मित्राला नाताळच्या दिवशी जेवायला बोलावणार असशील तर आधी कळव, डबा मोठा करते. त्याचे आणखी प्रश्न असतील तर त्यालाच मला फोन करायला सांग, दुपारी मी मोकळी असते.

तुझी,
आई